तपकिरी पिठीसाखरेचा हिशेब

एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. आठवीच्या मुलींनी एका टेबलावर काचेच्या बरणीत तपकिरी रंगाची पिठी ठेवली होती. शेजारी ताटात नानकटाई, आणि पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : 'घरगुती, रसायनविरहित, अपरिष्कृत पिठीसाखर. लोहयुक्त. पांढऱ्या विषाला पर्याय.' मुली तयारीच्या होत्या. प्रश्न विचारला की उत्तर तयार. त्यातल्या एकीचे आजोबा प्रदर्शन पाहायला आले होते. मधुमेहाच्या गोळ्या रोज घेणारे गृहस्थ. "आजोबा, ह्यात साखर नाहीये, गूळ आहे. घ्या तुम्ही!" असे नातीने म्हणताच त्यांनी एक घेतली, मग दुसरी. आम्ही टेबलापासून हलेपर्यंत चार झाल्या होत्या.

मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. ही कृती त्यांनी शोधलेली नव्हती. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, पाककृतींची पुस्तके आणि दूरचित्रवाणीवरचे स्वयंपाकाचे कार्यक्रम यांतून ती गेली काही वर्षे सतत समोर येत आहे. कृती थोडक्यात अशी : गूळ किसून किंवा खांडसारी घेऊन ती वाळवायची, मिक्सरमधून काढायची, चमचाभर कॉर्नफ्लॉवर घालून चाळायची, आणि केक-बिस्किटांत पांढऱ्या पिठीसाखरेऐवजी वापरायची. कृतीबद्दल आमची तक्रार नाही. ती बरीचशी बरोबर आहे, आणि तिच्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तक्रार आहे ती कृतीच्या शेवटी येणाऱ्या दोन-तीन वाक्यांबद्दल. वस्तू 'अपरिष्कृत' म्हणून रसायनाशिवायची, तपकिरी म्हणून पौष्टिक, आणि म्हणून निर्धास्तपणे खाण्याजोगी, असे त्या वाक्यांचे म्हणणे असते. ही वाक्ये विज्ञानाच्या भाषेत बोलतात, म्हणून ती विज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजेत.

'अपरिष्कृत' या शब्दापासूनच सुरुवात करू. साखर उद्योगात 'रिफाइंड' या शब्दाला ठराविक अर्थ आहे. कच्ची साखर पुन्हा पाण्यात विरघळवायची, तिचा रंग काढून टाकायचा आणि नव्याने स्फटिक पाडायचे, म्हणजे झाली रिफाइंड साखर. आपल्या बहुतेक कारखान्यांत परंपरेने निघत आलेली साखर अशी नसते. उसाच्या रसात चुन्याची निवळी आणि गंधक जाळून मिळवलेला सल्फर डायऑक्साइड वायू सोडून रस निवळवतात, आटवतात, स्फटिक पाडतात आणि अपकेंद्री यंत्रात फिरवून मळी वेगळी करतात. म्हणजे वाण्याकडची नेहमीची पांढरी साखर काटेकोर अर्थाने 'रिफाइंड' नव्हेच. उलट अलीकडे 'गंधकविरहित' म्हणून जी साखर जास्त किमतीला मिळते ती बहुधा रिफाइंड असते. गंधकाची भीती असेल तर माणसाने जास्त परिष्कृत साखर घ्यायला हवी, कमी परिष्कृत नव्हे! ज्या शब्दावर सगळा डोलारा उभा आहे, तोच असा उलटा फिरतो.

आता गुळाकडे. कोल्हापूरच्या बाजूचे गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको की गूळ म्हणजे नुसता आटवलेला रस नव्हे. काहिलीतला रस तापू लागला की त्यात भेंडीच्या झाडाच्या खोडाचा चिकट रस घालतात. त्या चिकटपणात रसातली प्रथिने आणि गाळ अडकून वर येतो आणि गुळव्या तो झाऱ्याने काढून टाकतो. चुनाही घालतात. पाक साधारण ११५ ते ११८ अंश सेल्सिअसला आला की काहील चुलवाणावरून उतरवून वाफ्यात ओततात. मळी काढणे हे शुद्धीकरणच आहे, फक्त ते अलीकडच्या टप्प्यावर थांबते. येथपर्यंत ठीक. पण बाजारात गुळाचा भाव रंगावर ठरतो. पिवळाधमक, सोनेरी रवा चढ्या भावाने जातो आणि काळपट गूळ मागे पडतो. म्हणून अनेक गुऱ्हाळांत 'हायड्रॉस', म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालण्याची पद्धत पडली. तेही गंधकाचेच संयुग. त्याने रंग तात्पुरता उडतो. गूळ काही आठवडे पडून राहिला की पुन्हा काळवंडतो. गंमत अशी की साखर पांढरी म्हणून नाकारणारा ग्राहकच गूळ घेताना सर्वांत गोरा रवा निवडतो. रसायन टाळायचे असेल तर काळसर, थोडा चिकट, दिसायला उणा गूळ घ्यावा. मग आपल्या पिठीसाखरेचा रंग चित्रातल्यासारखा येणार नाही, हे उघड आहे.

'ब्राऊन शुगर' नावाने मिळणाऱ्या पुड्यांबद्दल फार लिहीत नाही. (आमच्या पिढीला हे शब्द वर्तमानपत्रात गर्दच्या बातम्यांत भेटले, त्यामुळे ते बिस्किटाच्या कृतीत वाचताना अजून दचकायला होते.) त्यातील पुष्कळशी साखर म्हणजे पांढऱ्या स्फटिकांवर मळीचा पातळ लेप असतो. चमचाभर साखर थंड पाण्याच्या दोन-तीन हातांनी झटपट धुऊन पाहावी. लेपाची असेल तर खालचे दाणे पांढरे निघतात. वर्गात करून दाखवायला पाच मिनिटे पुरतात.

आता लोहाचा मुद्दा. हा सर्वांत जोरात मांडला जातो, आणि मुलींच्या पंडुरोगाशी, म्हणजे ॲनिमियाशी, तो जोडलेला असल्याने नीट पाहिला पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटकांच्या तक्त्यांच्या जुन्या आवृत्त्यांत १०० ग्रॅम गुळातले लोह ११.४ मिलिग्रॅम दिलेले आढळते. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत तोच आकडा २.६४ आहे. २०१७ च्या नव्या तक्त्यांत तो साडेचारच्या आसपास गेला. एकाच पदार्थाचा आकडा असा का हलतो? कारण गूळ हा एक पदार्थ नाहीच. जमीन वेगळी, उसाची जात वेगळी, मळी किती निघाली ते वेगळे, काहील लोखंडाची की दुसऱ्या धातूची हेही वेगळे. शिवाय नमुन्यात माती-धूळ राहिली तर तिच्यातले लोह गुळाच्या खात्यावर जमा होते. पुरवण्यांत मात्र अजूनही अकराचाच आकडा फिरतो. तो मोठा आहे, हे त्याचे एकमेव भाग्य.

आपण हिशेब मांडू. घरगुती नानकटाईचा साधा घाणा : मैदा २०० ग्रॅम, तूप किंवा वनस्पती १०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम. वीस नानकटाया होतात असे धरू. म्हणजे एकीत ५ ग्रॅम साखर, किंवा ५ ग्रॅम गूळ. २.६४ चा आकडा घेतला तर एका नानकटाईत गुळाकडून आलेले लोह ०.१३ मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. एवढे लोह या गुळातून मिळवायला सुमारे २२० नानकटाया खाव्या लागतील. जुना, उदार आकडा घेतला तरी ५१. आणि ५१ नानकटाया म्हणजे पाव किलोहून जास्त गूळ आणि तितकेच तूप! शिवाय वनस्पतिजन्य अन्नातले लोह आतड्यातून थोडेच शोषले जाते, ते यात धरलेलेच नाही.

उष्मांकांचे काय? त्याच १९८९ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम साखरेत ३९८ आणि १०० ग्रॅम गुळात ३८३ उष्मांक असतात. मैद्याचे साधारण ७०० आणि तुपाचे ९०० मिळवले तर पांढऱ्या साखरेचा घाणा सुमारे दोन हजार उष्मांकांचा होतो आणि गुळाचा त्याहून पंधराने कमी. वीस नानकटायांत पंधरा. एकीमागे एकसुद्धा नाही. हा फरकही मुख्यतः गुळात थोडे पाणी असल्यामुळे पडतो.

या हिशेबात एक गोष्ट डोळ्यांत भरावी अशी आहे. घाण्यातला सर्वांत मोठा वाटा मैद्याचा, आणि सर्वांत जास्त उष्मांक तुपाचे. पण चर्चा सगळी साखरेच्या रंगाची. मैदा काढून तेवढीच कणीक घातली तर तक्त्यांप्रमाणे लोह ५.४ वरून ९.८ मिलिग्रॅमवर जाते. साखरेच्या जागी गूळ घालून जेवढे लोह वाढते त्याहून ही वाढ मोठी आहे. (कणकेतल्या फायटेटमुळे त्यातले बरेचसे अंगी लागत नाही, हे खरे. पण मग तोच काटेकोरपणा गुळालाही लावावा.) अर्धा मैदा काढून १०० ग्रॅम नाचणीचे पीठ घातले तर कॅल्शियम तीनशे मिलिग्रॅमहून अधिक वाढते. १०० ग्रॅम गुळातले कॅल्शियम ८०. आणि वनस्पती तूप कोणते, त्यात ट्रान्स मेदाम्ले किती, हा प्रश्न तर हृदयाच्या दृष्टीने यांहून मोठा. त्यावर कायद्याने दोन टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ साल उजाडावे लागले. प्रदर्शनातल्या पुठ्ठ्यावर तुपाविषयी एक अक्षर नव्हते.

'पांढरे विष' हा शब्दप्रयोग कोठून आला याचा एक धागा इंग्लंडमध्ये सापडतो. जॉन युडकिन या आहारशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९७२ साली साखरेविरुद्ध एक पुस्तक लिहिले. 'शुद्ध, शुभ्र आणि प्राणघातक' असा त्याच्या नावाचा अर्थ. पुस्तकाचे नाव आकर्षक होते आणि तेच लोकांच्या लक्षात राहिले. पण युडकिन यांचा आक्षेप सुक्रोजवर होता. शुभ्रपणा हा सुक्रोजचा दोष नाही, ते फक्त त्याचे दिसणे आहे. गुळातही निम्म्याहून कितीतरी अधिक भाग सुक्रोजच असतो. आपल्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतही, पाणी वजा जाता गुळात किमान ६० टक्के सुक्रोज आणि सर्व शर्करा मिळून किमान ९० टक्के असाव्यात, अशी अट होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली 'मुक्त शर्करा' दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवण्याची शिफारस केली. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे ५० आणि २५ ग्रॅम होतात. अन्नात वरून घातलेली प्रत्येक साखर या मुक्त शर्करांत मोडते, मधसुद्धा. मग ती पांढरी असो वा तपकिरी, कारखान्यात दळलेली असो वा आपल्या मिक्सरमध्ये. आजोबांनी खाल्लेल्या चार नानकटायांत २० ग्रॅम गूळ होता. मैदा वेगळाच. त्यांच्या रक्ताला त्या पुठ्ठ्यावरचा मजकूर वाचता येत नव्हता.

इतके म्हटल्यावर दुसऱ्या बाजूचीही थोडी हजेरी घेतली पाहिजे. विज्ञान शिकलेली काही मंडळी 'शेवटी सगळे सुक्रोजच' असे म्हणून हात झटकतात. पोषणाच्या हिशेबात ते जवळजवळ खरे आहे, पण स्वयंपाकाच्या ओट्यावर ते साफ खोटे ठरते. गूळ आणि साखर पिठात अगदी वेगळी वागतात. का वागतात, हा आठवी-नववीच्या रसायनशास्त्राला पुरेल एवढा विषय आहे, आणि या कृतीचे खरे मोल आमच्या मते येथे आहे.

पिठीसाखर मुळात लागतेच का, हे आधी पाहावे. नानकटाईच्या पिठात पाणी नसते. रवाळ साखरेचे दाणे त्यात विरघळत नाहीत, तसेच राहतात आणि दाताखाली येतात. संस्कृतात 'शर्करा' शब्दाचा एक अर्थ बारीक खडे, वाळू असा आहे. जुन्या लोकांनी नाव नेमके ठेवले होते. दळल्याने दाणा लहान होतो, पृष्ठफळ वाढते, आणि साखर तुपात सारखी मिसळते. दळण्याने रासायनिक बदल मात्र काहीही होत नाही. हा भौतिक बदल आहे, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य येथे ताटात ठेवून दाखवता येते.

गूळ दळायला गेले की अडचण येते. साखरेच्या स्फटिकाला भरड कणा असतो, तो तुटतो. गुळात पाण्याबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात, आणि फ्रुक्टोज हवेतले पाणी ओढून घेते. मिक्सरच्या पात्यांच्या घर्षणाने उष्णता झाली की गूळ मऊ पडतो आणि पात्याभोवती गोळा जमतो. म्हणून गूळ किसणीवर किसून कोरड्या दिवशी ताटात पातळ पसरावा आणि पंख्याखाली दिवसभर ठेवावा. मग मिक्सर सलग न चालवता थांबून-थांबून फिरवावा. १०० ग्रॅमला दोन सपाट चहाचे चमचे कॉर्नफ्लॉवर घातले तर कण एकमेकांना चिकटत नाहीत. मैद्याच्या चाळणीने चाळून लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे. खांडसारीला एवढा खटाटोप लागत नाही, ती साखरेसारखीच दळली जाते. हे काम जून ते सप्टेंबरात कोकणपट्टीत कोणी करू नये. आम्ही केले आहे. संध्याकाळपर्यंत बरणीत ढेप तयार होते.

फेहलिंगची परीक्षा दोन्हींवर करून पाहावी. साखरेच्या द्रावणाला विटकरी रंग येत नाही, कारण सुक्रोज ही क्षपणक शर्करा नाही. गुळाच्या द्रावणाला येतो. तेच साखरेचे द्रावण विरल हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर उकळून, मग सोडा घालून उदासीन करून पुन्हा परीक्षा केली, तर आता विटकरी रंग येतो. सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले. याच क्षपणक शर्करा भट्टीत पिठातल्या प्रथिनांशी संयोग पावतात आणि तांबूस रंग व खमंग वास देतात. म्हणून गुळाची नानकटाई लवकर तांबूस होते आणि पांढऱ्या साखरेइतका वेळ ठेवली तर करपते. ती थंड झाल्यावर मऊही लवकर पडते, कारण फ्रुक्टोज पाणी धरते. गरम दुधात गूळ घातला की दूध फाटण्याचा धोका असतो, हे प्रत्येक घरात माहीत असते. गुळातली आम्लता त्याला हातभार लावते, आणि तीच खाण्याच्या सोड्याशी थोडी झगडते. केकच्या कृतीत साखर काढून गूळ घातला की केक बसतो किंवा फुगतो, त्याचे कारण शोधायला विद्यार्थ्यांना हा धागा द्यावा.

आणखी एक प्रयोग, तराजूचा. पुरवण्यांतल्या कृती वाटीने मोजतात. ज्या वाटीत रवाळ साखर २०० ग्रॅम मावते, तिच्यात सैल भरलेली पिठीसाखर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसते, कारण कणांमध्ये हवा राहते. 'एक वाटी साखरेऐवजी एक वाटी घरगुती पिठी' घालून केलेला केक खरोखरच कमी गोड आणि कमी उष्मांकांचा झाला असेल, तर ते श्रेय हवेचे आहे. अपरिष्कृतपणाचा त्यात काडीचा संबंध नाही. आम्हांला वाटते, या कृतीने कोणाची प्रकृती सुधारली असेल तर ती याच चुकीमुळे. साखर एक तृतीयांश कमी झाली आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. मग सरळ तेच का सांगू नये? साखर वजनाने मोजावी आणि १०० च्या जागी ७० ग्रॅम घालावी. आपल्या नानकटाईला वेलदोडा-जायफळाचा आधार आहे, ती गोडीच्या एकट्या जिवावर उभी नाही.

प्रदर्शनाच्या त्या टेबलाला आम्ही बक्षीस दिले, दुसरे. बाईंशी आणि मुलींशी बोलून पुठ्ठ्याची मागची बाजू नव्या मजकुरासाठी वापरली. मुलींनी स्वतःच लिहिले : 'काळा गूळ, किसून वाळवून दळलेला. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३८३ उष्मांक, साखरेपेक्षा १५ ने कमी. चव साखरेपेक्षा वेगळी, वास छान. मधुमेह असणाऱ्यांनी साखरच समजावी. पावसाळ्यात गोळा होतो.' आजोबांनी चष्मा लावून तो वाचला आणि ताटातल्या पाचव्या नानकटाईकडे जरा वेळ पाहिले. ती नातीने खाल्ली.